लास व्हेगासहून ग्रँड कॅन्यन: पॉइंट नंतर ठरवा, आधी मुक्काम ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आई-बाबा भारतातून येतायत, वयं ६८ आणि ७२, आईंचे गुडघे दुखतात. सोबत तुम्ही दोघं आणि नऊ वर्षांचा मुलगा. लास व्हेगासला तीन रात्रींचं हॉटेल झालेलं आहे आणि त्यातला एक दिवस ग्रँड कॅन्यनला द्यायचा विचार आहे. स्कायवॉक (काचेचा पूल) बघावा की साउथ रिम (दरीचा दक्षिणेकडचा कडा)? नदीपर्यंत उतरून त्याच दिवशी वर येता येईल का? आणि जमलंच तर झायन राष्ट्रीय उद्यानही उरकता येईल का?

मी फीनिक्सला राहते. छोट्या ग्रुपच्या सहली आखणं आणि त्यांच्यासोबत जाणं हेच माझं काम आहे. देशातून आलेले आई-वडील आणि सासू-सासरे हे माझे नेहमीचे प्रवासी, त्यामुळे तुमची परिस्थिती ओळखीची आहे. तुम्ही विचारलंय ते ठिकाणांबद्दल, पण अडचण आहे ती वेळेची. ती सुटली की बाकीची उत्तरं बरीचशी आपोआप मिळतात.

हिशेब मांडून बघा. लास व्हेगास ते साउथ रिम साधारण २८० मैल, म्हणजे ४५० किलोमीटर. न थांबता साडेचार तास. आई-बाबा आणि लहान मूल सोबत असताना न थांबता कोणी जात नाही, तेव्हा साडेपाच धरा. सकाळी सहाला निघालात तर साडेअकराला पोचाल. जूनमध्ये त्या वेळी दक्षिण प्रवेशद्वारावर गाड्यांची रांग असते आणि व्हिजिटर सेंटरचं पार्किंग भरत आलेलं असतं. प्रत्यक्ष कड्यावर उभे राहाल तेव्हा बारा-साडेबारा झालेले असतील. रात्री बऱ्या वेळेला परतायचं तर चारला निघावं लागणार. म्हणजे अकरा तास गाडीत, साडेतीन तास कॅन्यनमध्ये, आणि तेही नेमके ज्या वेळी ते सगळ्यात फिकं दिसतं तेव्हा.

फिकं का, ते सांगते, कारण माझी सगळी आखणी यावरच उभी असते. ही दरी सुमारे दीड किलोमीटरहून जास्त खोल आणि काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आहे. इतक्या मोठ्या गोष्टीची खोली डोळ्यांना कळते ती सावल्यांमुळे. सूर्य डोक्यावर असला की सावल्या नाहीशा होतात, वर उन्हाळ्यातली धूसर हवा, आणि समोर नुसता लालसर-तपकिरी पडदा टांगल्यासारखा दिसतो. लोक दहा मिनिटं फोटो काढतात आणि 'आता काय?' म्हणून एकमेकांकडे बघतात. तीच जागा संध्याकाळी साडेसहाला बघा. ऊन तिरकं झालं की एकेक सुळका मागच्या भिंतीपासून सुटा होतो, मघाशी सपाट वाटलेल्या भिंतीत दहा उपदऱ्या निघतात. त्यामुळे माझा नियम एकच: ग्रँड कॅन्यनला एक संध्याकाळ आणि एक सकाळ द्यायची. म्हणजेच एक रात्र तिथे काढायची. व्हेगासच्या तीन रात्रींमधली एक सोडा, हॉटेलचे पैसे परत मिळत नसले तरी सोडा.

आता स्कायवॉक. दोन वेगळ्या जागांची नावं सारखी असल्यामुळे इथे पुष्कळांची गल्लत होते. तो काचेचा पूल 'ग्रँड कॅन्यन वेस्ट'ला आहे. ही हुआलापाय आदिवासींची स्वतःची जमीन आहे, राष्ट्रीय उद्यानाचा भाग नाही. पूल २००७ साली खुला झाला. व्हेगासहून सव्वादोन-अडीच तासांत पोचता येतं, म्हणून एका दिवसाच्या बसटूर बहुतेक तिथेच नेतात. तिकीट वेगळं, राष्ट्रीय उद्यानाचा पास तिथे चालत नाही. आणि तिथून साउथ रिम पुन्हा चार-साडेचार तासांवर आहे, म्हणजे 'दोन्ही बघून येऊ' हे डोक्यातून काढून टाका. काही झालं तरी एकच दिवस असेल आणि मुक्काम अशक्यच असेल, तर मी वेस्ट सुचवेन. आई-बाबांचे हाल होणार नाहीत. पण कॅलेंडरवर बघून मनात बसलेलं कॅन्यन, म्हणजे रांगांमागे रांगा आणि मधे उभे असलेले डोंगर, ते साउथ रिमचं आहे. वेस्टला दरी अरुंद आणि तुलनेने उथळ आहे.

नॉर्थ रिमबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, पण कोणीतरी सुचवेलच. समोरासमोरचे हे दोन कडे सरळ रेषेत साधारण १६ किलोमीटरवर असले तरी रस्त्याने २१५ मैलांचा वळसा पडतो. शिवाय जुलै २०२५ च्या वणव्यात तिथलं कड्यावरचं ऐतिहासिक लॉज जळून गेलं. तुमच्या प्रवासात ते बसत नाही.

मुक्काम कुठे, हे तारखेवर आणि खिशावर आहे. उद्यानाच्या आत कड्याला लागून एल टोव्हार (हे १९०५ सालचं), ब्राइट एंजल, काचिना आणि थंडरबर्ड आहेत. थोडं आत मॅस्विक आणि यावापाय लॉज. यातल्या बहुतेकांचं बुकिंग १३ महिने आधी उघडतं, त्यामुळे जूनचं आज बघाल तर 'उपलब्ध नाही' असंच दिसेल. म्हणून सोडून देऊ नका. लोक शेवटच्या आठवड्यात खोल्या रद्द करतात आणि त्या पुन्हा विक्रीला येतात. आधी बाहेर रद्द करता येईल अशी खोली घेऊन ठेवा आणि रोज सकाळ-संध्याकाळ आतलं बघत राहा. बाहेर म्हणजे टुसायान, प्रवेशद्वाराच्या अगदी तोंडाशी, आणि त्या मानाने महाग. विल्यम्स एक तासावर, फ्लॅगस्टाफ दीड तासावर. तुमच्यासारख्या कुटुंबाला मी टुसायानच्या पलीकडे राहू देत नाही. सूर्योदय जूनमध्ये पाच-सव्वापाचला होतो. विल्यम्सहून साडेतीनला उठून निघणं ज्येष्ठांना जमेलही, पण तुमच्या मुलाला जमणार नाही. (आई-बाबा नुकतेच भारतातून आलेले असतील तर जेटलॅगमुळे चार वाजता टक्क जागे असतील. हा जेटलॅगचा एकमेव फायदा, तो घ्या.)

विल्यम्सहून जुनी रेल्वेही आहे, १९०१ पासूनची, सव्वादोन तासांत थेट उद्यानातल्या गावात, ग्रँड कॅन्यन व्हिलेजमध्ये आणून सोडते. मुलांना खूप आवडते. पण ती सकाळी उशिरा पोचवते आणि दुपारी परत नेते, म्हणजे पुन्हा तेच डोक्यावरचं ऊन. रेल्वेने जायचं असेल तर आत एक रात्र राहून दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परता.

आता नदीपर्यंत उतरून परत येण्याबद्दल. जूनमध्ये नाही. इथे 'तब्येतीवर अवलंबून आहे' वगैरे काही नाही. कड्यापासून नदी जवळपास १,४०० मीटर खाली आहे, साउथ कायबाब वाटेने एका बाजूने ११ किलोमीटर, ब्राइट एंजल वाटेने १५ च्या पुढे. उद्यानाचे रेंजरही हे एका दिवसात करू नका असंच सांगतात, विशेषतः मे ते सप्टेंबर. वर कड्यावर २७-२८ अंशांचं सुखद ऊन असतं तेव्हा तळाला पारा ४० च्या पुढे सहज जातो. दर ३०० मीटर उतरलं की साधारण ३ अंशांनी तापमान चढतं. सह्याद्रीत आपण आधी चढतो. दमलो की परत फिरतो आणि उतार आपल्याला घरी आणून सोडतो. इथे उलट आहे. उतरताना सगळं सोपं वाटतं, गप्पा मारत माणूस तासभर खाली जातो, आणि परतीचा चढ दुपारच्या उन्हात, दमलेल्या पायांनी, दुप्पट वेळ घेतो. इथे अडचणीत सापडणारे पुष्कळसे लोक चांगले धडधाकट आणि ट्रेकिंगची सवय असलेले असतात. घात होतो तो त्या सवयीमुळेच.

तरी कड्याच्या खाली थोडं उतरल्याशिवाय येऊ नका, कारण वरून ते चित्र असतं आणि आत गेल्यावर जागा होते. तुम्ही दोघांपैकी एकाने मुलाला घेऊन साउथ कायबाब वाटेने 'ऊ आह पॉइंट'पर्यंत जावं. एका बाजूने दीड किलोमीटर, उतार साधारण २०० मीटरचा. मुलगा चालणारा असेल आणि सात वाजायच्या आत तिथे पोचलात तर पुढे सीडर रिजपर्यंत, एकूण जाऊन-येऊन जवळपास ५ किलोमीटर. तिथे शौचालय आहे. या वाटेवर पाणी कुठेही नाही आणि सावलीही जवळपास नाही. माणशी दोन लिटर पाणी आणि त्यासोबत खारं काहीतरी, चिवडा किंवा खारे दाणे, हवंच. नुसतं पाणी पीत राहिलं आणि खाल्लं नाही तर रक्तातलं सोडियम घसरतं, आणि मळमळ-चक्कर सुरू झाली की माणूस आणखी पाणी पितो. दहाच्या आत वर यायचं, हे पक्कं.

वाटेवर खेचरांचा तांडा भेटेल. त्या वेळी भिंतीच्या बाजूला सरकून थांबा, दरीच्या बाजूला कधीही नाही. पुढचा माणूस सांगेल तसं करा आणि शेवटचं खेचर बरंच पुढे जाईपर्यंत हलू नका. मुलाला हे आधीच सांगून ठेवा, कारण खेचर दिसल्यावर तो तुमचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नसेल.

या वाटेच्या तोंडाशी खासगी गाडी नेता येत नाही. व्हिजिटर सेंटरहून केशरी मार्गाची मोफत बस, किंवा पहाटे गावातून सुटणारी 'हायकर्स एक्सप्रेस' घ्यायची.

आई-बाबांचं काय? साउथ रिम २,१०० मीटर उंचीवर आहे. लास व्हेगास सहाशेच्या आसपास. एवढ्या फरकाने पहिल्या दिवशी धाप लागणं, डोकं जड होणं, रात्री झोप न लागणं हे सर्रास होतं. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. पोचल्या दिवशी दुपारी त्यांना खोलीत आडवं होऊ द्या, लगेच फिरवू नका. तसंही त्या वेळी बघण्यासारखं काही नसतं, हे वर लिहिलंच आहे.

गुडघ्यांसाठी साउथ रिम फार सोयीचं आहे, ही बातमी आईंना आधी द्या. माथर पॉइंट ते यावापाय पॉइंट आणि पुढे गावापर्यंत कड्याच्या कडेने डांबरी, बऱ्यापैकी सपाट वाट आहे, अधूनमधून बाकं आहेत. बसमध्ये व्हीलचेअर चढते. हर्मिट रोड हा सात मैलांचा पश्चिमेकडचा रस्ता मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंद असतो, फक्त बस. पण चालण्याचा त्रास असलेल्यांसाठी एक परवाना मिळतो, प्रवेशद्वारावर किंवा व्हिजिटर सेंटरला मागायचा, आणि तो काचेवर ठेवला की स्वतःची गाडी आत नेता येते. मागायला संकोच करू नका. सूर्यास्तानंतर हर्मिट रोडवरच्या बसला जी रांग लागते, त्यात दुखऱ्या गुडघ्यांनी पाऊण तास उभं राहणं ही शिक्षा आहे.

म्हणूनच सूर्यास्तासाठी मी सगळ्यांना सुचवला जाणारा, हर्मिट रोडवरचा होपी पॉइंट सोडते आणि पूर्वेकडच्या डेझर्ट व्ह्यू रस्त्यावर जाते. हा २५ मैलांचा रस्ता सगळ्यांना खुला आहे आणि गाडी पॉइंटच्या अगदी जवळ उभी करता येते. टोकाला मेरी कोल्टर या वास्तुविशारद बाईंनी उभारलेला १९३२ चा दगडी टेहळणी बुरूज आहे. त्याच्या थोडं अलीकडे लिपान पॉइंट. साउथ रिमच्या पुष्कळ ठिकाणांहून नदीचा नुसता तुकडा दिसतो. लिपानवरून कोलोरॅडोचं मोठं वळण दिसतं, आणि एवढं सगळं कोरणारी हीच ती, हे पटायला मदत होते. साडेसहाला पोचा, सूर्य पावणेआठच्या सुमाराला मावळतो. लगेच गाडीकडे पळू नका, नंतरची वीस मिनिटंही बघण्यासारखी असतात. परतताना मात्र हळू. अंधारात एल्क (मोठी हरणं) रस्त्यावर येतात आणि ते घोड्याएवढे असतात.

आणि स्वेटर! जूनच्या पहाटे कड्यावर ८-१० अंश असतं. व्हेगासच्या उकाड्यातून निघताना कोणी गरम कपडे घेत नाही आणि मग सूर्योदयाला हॉटेलची ब्लँकेटं पांघरून उभे राहतात.

बाबांना वाचायची, माहिती घ्यायची आवड असेल तर यावापायचं भूविज्ञान संग्रहालय चुकवू नका. छोटं आहे, काचेतून समोरच दरी दिसते. तिथून गावाकडे जाणाऱ्या वाटेवर 'ट्रेल ऑफ टाइम' आखलेली आहे: एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. जमिनीत पितळी खुणा आहेत आणि प्रत्येक थराचा खरा दगड बाजूला मांडलाय, हात लावून बघायचा. कड्यावरचा कायबाब चुनखडक २७ कोटी वर्षांचा. मधली लाल उभी भिंत, रेडवॉल, मुळात राखाडी चुनखडक आहे. वरच्या थरांतलं लोह पावसाने ओघळून ती लाल झाली. तळाचा काळा, चमकदार दगड पावणेदोनशे कोटी वर्षांच्या आसपासचा, आणि त्याचं नाव चक्क विष्णू शिस्ट. समोरच्या सुळक्यांमध्येही विष्णू टेंपल, शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपल आहेत. क्लॅरन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात पूर्वेकडच्या देवांची नावं देण्याची प्रथा पाडली. यावापायहून ब्रह्मा टेंपल दिसतं. आमच्या ग्रुपमधल्या ज्येष्ठांचा इथे हमखास मुक्काम पडतो, तेव्हा तासभर जास्त धरा.

मुलासाठी व्हिजिटर सेंटरमधून 'ज्युनिअर रेंजर'ची पुस्तिका घ्या. मोफत असते, ती पूर्ण केली की रेंजर शपथ देऊन बिल्ला देतो. दोन सक्त सूचना त्यालाही आणि तुम्हालाही: पुष्कळ ठिकाणी कठडा नाही, तेव्हा फोटोसाठी मागे-मागे सरकायचं नाही, आणि खारींना खायला घालायचं नाही. गोंडस दिसतात, पण चावतात.

झायनबद्दल. झायन व्हेगासहून पावणेतीन तासांवर, वेगळ्या दिशेला, युटामध्ये. तिथे आपण दरीच्या तळाशी असतो आणि भिंतींकडे वर बघतो, त्यामुळे अनुभव अगदी वेगळा, आणि रिव्हरसाइड वॉकसारखी फरसबंद वाट आईंनाही जमेल. पण तीन दिवसांत दोन्ही केलंत तर आई-बाबांच्या लक्षात फक्त गाडीची मागची सीट राहील. सुट्टी आणखी दोन दिवसांनी वाढली तर जरूर करा. तेव्हा लक्षात ठेवा की उन्हाळ्यात युटाचं घड्याळ अॅरिझोनाच्या एक तास पुढे असतं, कारण अॅरिझोना घड्याळं बदलत नाही. नेवाडा आणि अॅरिझोनाची वेळ जूनमध्ये एकच.

तर तुमचे दोन दिवस मी असे लावेन. पहिल्या दिवशी सकाळी सातला निघा, किंगमनला पोटपूजा, दोनपर्यंत टुसायान. साडेचारपर्यंत आराम. मग गाडीने डेझर्ट व्ह्यू रस्ता आणि लिपानला सूर्यास्त. दुसऱ्या दिवशी सूर्योदय सगळ्यांनी यावापाय किंवा माथरला. मग एकजण मुलाला घेऊन कायबाब वाटेला, दुसऱ्याने आई-बाबांना नाश्ता, संग्रहालय आणि ट्रेल ऑफ टाइम. दहाला सगळे एकत्र, परवाना मिळाला असेल तर हर्मिट रोडवर एक फेरी, आणि एकला परतीचा रस्ता. संध्याकाळी सातपर्यंत व्हेगास. तिथल्या दिव्यांसाठी तुम्हाला तेवढाच वेळ लागतो.

पैशांचं एक राहिलं, आणि ते अलीकडे बदललंय. गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवस चालतात. पण जानेवारी २०२६ पासून ग्रँड कॅन्यन आणि झायन धरून ११ उद्यानांत अमेरिकेबाहेर राहणाऱ्या, १६ किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला शिवाय १०० डॉलर पडतात. म्हणजे आई-बाबांचे दोनशे. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरला आहे, तेव्हा दुसरं एखादं उद्यान बघायची नुसती शक्यता असली तरी पासच परवडतो. तिकीट काढण्याआधी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या आठवड्याची सूचना वाचा, आणि तिथेच पाण्याचंही बघा. साउथ रिमला पाणी दरीच्या पलीकडून एका जुन्या पाइपलाइनने येतं आणि ती वारंवार फुटते. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस तर त्यापायी आतली लॉजं काही दिवस बंद ठेवावी लागली. तशी सूचना दिसली तर टुसायानची खोली रद्द करू नका, आतली मिळाली असली तरी. आणि पेट्रोल टुसायानलाच भरून घ्या, ग्रँड कॅन्यन व्हिलेजमध्ये पंप नाही.